दोन दिवसांचा दात

“शनिवारी ऑपरेशन आहे, मच्छिंद्र. जबड्याचा तो तुकडाच काढणार आहेत. आता तिथे दात कशासाठी बसवतोस?”

रविकांत डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा माझ्या हातात पावडरची बाटली होती आणि मालन, माझी बायको, पेशंटच्या खुर्चीवर बसली होती. बुधवारची दुपार. एक ते चार आमचा दवाखाना बंद असतो आणि बेलापूरच्या पेठेत तेव्हा चिटपाखरू नसतं, म्हणून मी तिला मुद्दाम त्या वेळी आणलं होतं. डॉक्टर जेवायला वर गेले असतील असं मी धरून चाललो होतो. पण ते चष्मा विसरले म्हणून परत खाली आले आणि दारातच थांबले.

मालनच बोलली. खालच्या डाव्या बाजूचे दात नसल्यानं महिनाभर तिचा ‘स’ नुसता हवेतून जात होता आणि बोलता बोलता लाळ गळायची, म्हणून तिनं पदर तोंडाशी धरला होता.

“डाक्टर, मला दोन दिस नीट बोलायचंय,” ती म्हणाली. “फुडं बोलनं हुईल का न्हाई, कुनाला ठावं.”

डॉक्टरांनी दिवा लावून तिच्या तोंडात पाहिलं. जिभेच्या कडेची जखम महिन्याभरात वाढली होती. त्यांनी दिवा बंद केला, मला म्हणाले की आधी बधिर करायचं जेल लाव आणि लिक्विडचा एक थेंबही जखमेकडे जाऊ देऊ नकोस. मग चष्मा न घेताच वर निघून गेले.

मी कोण ते सांगतो. मी डॉक्टर नाही, डॉक्टरच्या जवळपासचाही कुणी नाही. बारावीला इंग्रजीत दोनदा आपटलो आणि या दवाखान्यात झाडू मारायला लागलो, त्याला सत्तावीस वर्षं झाली. माझं काम तात्पुरत्या दातांचं. दाताला टोपी बसवायची म्हणून डॉक्टर तो घासून बारीक करतात. पक्की टोपी नगरच्या लॅबमधून यायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर घासलेला खुंट उघडा ठेवला तर गार पाण्याच्या एका घोटाला माणूस उभा राहील. म्हणून वर प्लॅस्टिकचा दात चढवायचा. मधले दात नसतील तर दोन बाजूंच्या खुंटांवर टेकवून मधे पूल टाकायचा, त्याला ब्रिज म्हणतात. पावडर आणि लिक्विड काचेच्या वाटीत कालवायचं, त्याचं पीठ मळल्यासारखं झालं की साच्यात भरून दाबायचं, तापायला लागलं की काढायचं. एक मिनिट आधी काढला तर वेडावाकडा होतो, एक मिनिट उशीर झाला तर खुंटावर अडकतो आणि पेशंटला आईबाप आठवतात. मग घासायचा, कडा मारायच्या, पॉलिश करायचा. हे मला झकास जमायचं. देवानं हातात कसब दिलंय असं मी समजत होतो. कसब कसलं डोंबलाचं.

डॉक्टर मला कायम ओरडायचे. म्हणायचे, अरे, तुझा दात जरा ओबडधोबड ठेव. इतका गुळगुळीत केलास, अस्सल दातासारखा रंग दिलास, तर पेशंट पक्का बसवायला परत कशाला येईल? आणि खरंच लोक यायचे नाहीत. या दाताची मुदत पंधरा दिवसांची. आतलं सिमेंट विरघळतं, खुंट किडतो, प्लॅस्टिक झिजतं. पण दुखत नाही आणि दिसायला छान दिसतो म्हटल्यावर कोण कशाला येतंय. जीपवाला छगन माझा समोरचा दात नऊ वर्षं वापरतोय. बाजाराच्या दिवशी दवाखान्यासमोर गाडी थांबवून, खिडकीतून डोकं काढून दात विचकून दाखवायचा. डॉक्टर कपाळाला हात लावायचे आणि मी मनातून खूश व्हायचो. काय सांगू, तेव्हा अंगावर मूठभर मांस चढायचं.

आता मालनचं सांगतो. तिच्या खालच्या डाव्या बाजूचे दोन दात किडून काढले, त्याला अकरा वर्षं झाली. डॉक्टरांनी अलीकडचा सुळा आणि पलीकडची दाढ घासून दिली आणि त्यावर मी चार दातांचा ब्रिज केला. एवढा लांब ब्रिज प्लॅस्टिकचा टिकत नाही, मधोमध मोडतो. आणि मालन जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. शंभर-सव्वाशे पोरं, प्रत्येकाला नावानं हाक मारून ताटलीवर बसवायचं. तिची हाक ग्राउंडच्या पलीकडच्या हातपंपापर्यंत जायची. पोरांना हाक मारताना दात मोडून हातात आला तर शोभा होईल, म्हणून मी ब्रिजच्या आत बारीक स्टीलची तार घातली. मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे सगळ्याच लांब ब्रिजमध्ये मी ती घालायला लागलो, पण पहिली तिच्यासाठी घातली. माझ्या बायकोचा दात मोडायला नको, एवढंच होतं माझ्या मनात.

तेव्हा ती तंबाखूची मिश्री लावायची. सोनईचं माहेर, आई लावायची, थोरली बहीण चांगुणा अजून लावते. मी म्हटलं, अगं, माझा दात काळा पडेल की. दुसऱ्या दिवशी तिनं मिश्रीची डबी उकिरड्यावर नेऊन टाकली आणि पुन्हा कधी हात लावला नाही. पहिले पंधरा दिवस तिचं डोकं दुखायचं, माझ्यावर खेकसायची, पण सोडली ती सोडली.

पक्क्या ब्रिजसाठी माप घेतलं होतं. प्लॅस्टरचा साचाही ओतला होता. तो दवाखान्याच्या माळ्यावर जाऊन बसला. डॉक्टर सांगून थकले, कुठल्याही मंगळवारी तिला आण, मी करून टाकतो. आधी पूजाची दहावी आली, मग माझ्या आईचं अंथरूण, मग पूजाचं लग्न, मग कोरोना. ही सगळी दुनियेला सांगायची कारणं. खरं कारण असं की मला तो दात काढवत नव्हता. एखाद्या पेशंटनं कुरकुर केली की मी म्हणायचो, आमच्या घरी या, बघा किती वर्षं झालीत. चार पाहुण्यांसमोर तिला आ करायला लावलंय मी. ती लाजायची आणि करायची.

चौथ्या वर्षी ती म्हणाली, आवं, आतून जिभेला कायतरी टोचतंय. पाहिलं तर प्लॅस्टिक झिजून तारेचं टोक वर आलं होतं. त्याच दिवशी ब्रिज काढायला हवा होता. मी काय केलं? दवाखान्यातून चिमूटभर पावडर आणि लिक्विड आणलं, तिला अंगणात उजेडाला बसवलं, टोकावर थेंब लावला आणि घासून गुळगुळीत केलं. डॉक्टरांना सांगितलंसुद्धा नाही. दीड-दोन वर्षांनी पुन्हा टोचलं, पुन्हा थेंब. तिसऱ्यांदाही तेच. त्यानंतर ती काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

या दिवाळीला आमची पूजा पारनेरहून माहेरपणाला आली. आई भाकरी दुधात कुस्करते, एकाच बाजूनं गिळते, तिखट ताटातून बाजूला सारते, हे तिला दुसऱ्याच जेवणाला दिसलं. मी रोज समोर बसून जेवत होतो. दिवसभर परक्या माणसांच्या तोंडात बघायचं काम माझं, आणि मला दिसलं नव्हतं.

दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी ब्रिज मधून कापून दोन तुकड्यांत काढला आणि ट्रेमध्ये टाकला. मी तो धुवायला घेतला आणि बोट फिरवलं. तांदळाच्या कणीएवढं टोक बोटाला लागलं. बरोबर त्याच्यासमोर जिभेवर जखम होती आणि तिच्या कडा कडक झाल्या होत्या. डॉक्टरांनी माझं बोट पाहिलं. म्हणाले, एवढ्यानंच झालं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, अशा आजाराला पुष्कळ कारणं असतात. माणूस भला आहे. पण मला जे कळायचं ते कळलं होतं.

नगरला जखमेचा तुकडा तपासायला दिला. रिपोर्ट कॅन्सरचाच आला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की अर्धी जीभ आणि जबड्याचा तुकडा काढावा लागेल, मग बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही, किती येईल ते नंतरच कळेल. मग फाईल उघडून त्यांनी विचारलं, जिभेला कुठला दात बरेच दिवस टोचत होता का? मी काही म्हणायच्या आत मालन म्हणाली, “न्हाई. मी मिशरी लावते. ल्हानपनापासनं.”

त्यांनी लिहून घेतलं. मी शेजारच्या स्टुलावर बसलो होतो. अकरा वर्षं जिनं मिश्रीला हात लावला नव्हता, तिच्या फाईलवर मिश्री लिहिली गेली आणि मी ती लिहू दिली. बाहेर आल्यावर तिनं चहा घेऊ म्हटलं. आम्ही चहा घेतला आणि एस.टी.त बसलो. घरी येईपर्यंत तिनं तो विषय काढला नाही, आणि काढायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर महिनाभर मी वेड्यासारखा फोन करत होतो. माझ्या हातचे लांब ब्रिज कुणाकुणाच्या तोंडात आहेत ते मला पाठ आहे. प्रत्येकाला म्हटलं, या, काढून टाका, पक्का बसवा. पाच जण आले. बाकीचे हसले. मच्छिंद्रभाऊ, तुमचा दात दगड हाय दगड. एक पेन्शनर मास्तर म्हणाले, आता हा माझ्याबरोबरच जायचा. मी फोन ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

तर त्या बुधवारी दुपारी मी माळ्यावर चढून मालनचा साचा काढला. अकरा वर्षांची धूळ होती त्यावर. खाली डॉक्टरांच्या अक्षरात पेन्सिलीनं तिचं नाव आणि तारीख. साचा मिळाला ते बरं झालं, नाहीतर तिच्या तोंडात मापाचा ट्रे घालावा लागला असता आणि ते तिला सोसलं नसतं.

रंग जमवायला वेळ लागला. तिचे आजूबाजूचे दात आता पिवळे झालेत, आधीची शेड घेतली असती तर नवे दात वेगळे दिसले असते. दोन पावडरी मिसळल्या, त्यात कणभर तपकिरी घातली. तार घातली नाही. साच्यावर गोळा बसवला, तापला तसा काढला, घासला. बाहेरची बाजू दहा मिनिटांत झाली. आतली, जिभेकडची बाजू मी तासभर घासत होतो. चाकावर ओलं पॉलिश लावायचं, धरायचं, धुवायचं, बोट फिरवायचं, पुन्हा धरायचं. शेवटी एक गोष्ट केली जी सत्तावीस वर्षांत कुणाच्या दाताच्या बाबतीत केली नव्हती. बोटाला जी खरखर कळत नाही ती जिभेला कळते. मी तो ब्रिज स्वतःच्या तोंडात धरला आणि जिभेची कड त्यावरून फिरवली. सुळ्यापाशी एक बारीकशी रेघ लागली. ती काढली. पुन्हा तोंडात धरला. मालन खुर्चीवरून सगळं बघत होती.

मग स्पिरिटनं पुसून, धुऊन तिला बसवला. ब्रिज जरा उंच लागत होता. खूण उमटवणारा निळा कागद ठेवून म्हटलं, टक टक कर. तिनं केलं आणि दुखून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं मला थांबवलं नाही. दोनदा काढून घासला, तिसऱ्यांदा बसला. आत तात्पुरतं सिमेंट भरलं, लवंगेच्या वासाचं, आणि कापूस चावायला देऊन मी तसाच उभा राहिलो.

कापूस काढल्यावर ती सावकाश म्हणाली, “सोनई. साखर. सासूबाई.”

तिन्ही ‘स’ स्वच्छ आले. तिनं तोंडावरचा पदर खाली सोडला. मला रडू आवरेना म्हणून मी वाटी धुवायला मोरीकडे गेलो.

गुरुवारी सकाळी ती उठली तीच बोलत उठली. जीभ दुखत असणार, गोळी घेऊन बोलत होती. दूधवाल्याशी बोलली, शेजारणीशी बोलली, साडेअकराला म्हणाली की शाळेत जाऊन येते. मी सोबत गेलो. तिच्या जागी बदली बाई आली होती, तिच्या हातून मालननं डाव घेतला आणि व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहून हाका मारायला सुरुवात केली. समर्थ. आलिया. कार्तिकी. दोन्ही यश. हातपंपावरची पोरं ताटल्या आपटत पळत आली. ती वाढत होती आणि प्रत्येकाला काही ना काही सुनावत होती, नाक पूस, बटन लाव, कालची भाजी कुत्र्याला टाकली ते मला कळलंय. हेडमास्तर खुर्चीतून उठून दारात आले आणि ती थांबेपर्यंत तिथेच उभे राहिले.

दुपारी तिनं चांगुणाक्काला सोनईला फोन लावला. दीड तास. लहानपणी विहिरीत पडलेली शेळी, मेलेल्या आईचं लुगडं कुणी नेलं, सगळं उकरून काढून दोघी हसत होत्या. मग पूजाला फोन. नातीला फोनवरच एक लांबलचक गोष्ट सांगितली. मी आतल्या खोलीत पिशवी भरत होतो आणि कान तिकडे लावून बसलो होतो.

मला म्हणाली ते एवढंच. तुरीची डाळ पत्र्याच्या डब्यात आहे, खालच्या. गॅसचा नंबर कॅलेंडरच्या मागं लिहिलाय. तुमची बीपीची गोळी सकाळची, संध्याकाळची नाही. लोणच्यात ओला चमचा घालू नका.

मी वाट बघत होतो. आता म्हणेल, मग म्हणेल. माझ्या मनात एकच होतं. तिनं एकदा तरी मला म्हणावं, तुमच्यामुळं झालं. शिवी द्यावी, वाटलं तर ताट फेकून मारावं. जीभ धड आहे तोवर जे काय म्हणायचं ते म्हणून टाकावं, कारण शनिवारनंतर ती मनात असलेलं कुठल्या तोंडानं बोलणार, आणि मी ते कुठं जाऊन ऐकणार? पण ती लोणच्यावर बोलत राहिली. आणि मीच आपणहून सांगावं, तर मला मेल्याला तेही जमेना.

शुक्रवारी छगननं त्याच्या जीपमधून आम्हाला नगरला नेलं. भाडं बोलायचं नाही म्हणाला. राहुरीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. मालन मधल्या सीटवर बसून त्याच्याशी गप्पा मारत होती, त्याच्या पोरीचं स्थळ, त्याच्या म्हातारीचे गुडघे. छगन आरशात बघून हसायचा तेव्हा माझा तो दात दिसायचा. मी त्याला म्हटलं, छगन, येत्या मंगळवारी येच आता, तो काढून पक्का बसवून टाकू. तो म्हणाला, सोडा वो भाऊ, नऊ वर्सं झाली, काय हुत न्हाई त्याला.

मालन म्हणाली, “छगनभाऊ, काढून टाका त्यो. भायेरनं लई ग्वाड दिसतो. आत काय चाललंय ते बसवनाऱ्याला दिसत न्हाई.”

छगननं आरशातली नजर काढून घेतली. मी खिडकीतून ट्रॉल्या मोजत राहिलो. तिच्या मनात काय आहे ते मला कळलं होतं, पण मला ते छगनला सांगितलेलं नको होतं. मला सांगितलेलं हवं होतं.

शनिवारी सकाळी सातला सिस्टर कागद घेऊन आल्या. पूजा आदल्या संध्याकाळी पारनेरहून आली होती, ती आईचे केस विंचरून घट्ट वेणी घालत होती. मालनला हिरवा गाऊन घातला होता. पदर नसल्यामुळे तिच्या हाताला काय करावं कळत नव्हतं. सिस्टरनं वय विचारलं, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, सकाळपासून पाणी तर प्यायला नाहीत ना. मग फाईल बघून म्हणाल्या, मिश्री अजून चालू आहे का, शेवटची कधी लावली?

मालननं तोंड उघडलं. या वेळी मी तिला बोलू दिलं नाही.

“सिस्टर, ते खोटं आहे,” मी म्हणालो. “मिश्री तिनं अकरा वर्षांपूर्वी सोडली. दात टोचत होता. आत तार होती. तो दात मी केलेला होता.”

पूजाचा वेणीतला हात थांबला. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं, मग मालनकडे. पेन उघडून त्यांनी मिश्रीवर रेघ मारली आणि विचारलं, मग काय लिहू?

“लिहा, दात टोचत होता. नवऱ्यानं केलेला.”

“नवऱ्यानं केलेला असं लिहिता येत नाही, काका,” सिस्टर म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी ‘दात टोचत होता, सात वर्षं’ एवढं लिहिलं, ती सात वर्षंही मीच सांगितली, आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवते म्हणून त्या कागद घेऊन गेल्या. त्यानं ऑपरेशनमध्ये काही फरक पडणार नव्हता, हे मलाही माहीत होतं.

मालन माझ्याकडे बघत होती. म्हणाली, कशाला बोलला? कागदावर आलं तर तुमाला दवाखान्यात कोन ठेवील? मी म्हटलं, मरू दे दवाखाना. आणि मग जे महिनाभर घशात अडकलं होतं ते विचारलं.

“चौथ्यांदा टोचलं तेव्हा मला का नाही सांगितलंस?”

पूजानं वेणीला रबर लावलं.

“सांगून काय झालं असतं,” ती म्हणाली. “तुमी परत थेंब लावला असता.”

रागानं म्हणाली असती तर मी सोसलं असतं. लोणच्याच्या चमच्याचं सांगितलं होतं त्याच आवाजात म्हणाली. मी पलंगाचा लोखंडी बार धरून उभा राहिलो. खोटं नव्हतंच ते. मी चौथाही लावला असता, पाचवाही लावला असता आणि वर तिला गल्लीत आ करून दाखवायला लावलं असतं.

वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले. सिस्टरनं सगळं काढून ठेवायला सांगितलं, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी. पूजानं साबण लावून बांगड्या उतरवल्या आणि एकेक वस्तू रुमालात ठेवली. सिस्टर म्हणाल्या, तोंडात काढता येण्यासारखा दात आहे का काही, कवळी वगैरे? मी म्हटलं, आहे, मी काढतो.

मालननं तोंड उघडलं. अंगठा आणि बोट आत घालून मी ब्रिज धरला. तात्पुरतं सिमेंट, जरा हलवल्यावर सुटलं. तिला दुखू नये म्हणून हळू वर ओढत होतो, पण त्याआधी मला विचारायचं होतं, म्हणून मी तसाच थांबलो, हात बाहेर घेतला.

“हा टोचला का गं दोन दिवसांत?”

“न्हाई,” ती म्हणाली. “ह्यो लई चांगला झाला. ह्यो न्हाई टोचला.”

मग तिनं पुन्हा तोंड उघडलं आणि मी दात काढून घेतला. गाल लगेच आत बसला. तिनं हाताचा पंजा तोंडावर धरला, आणि तसाच धरून ती स्ट्रेचरवर आडवी झाली. लिफ्टपाशी पूजा म्हणाली, आई, मी इथेच आहे. मालननं मान हलवली. हात काढला नाही. दार मिटलं.

आम्ही बाकावर बसलो. पूजानं रुमालाची गाठ मारायच्या आधी तो माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, बाबा, दात पण ह्यात ठेवा. मी ऐकलं नाही असं दाखवलं. तिनं थोडा वेळ रुमाल तसाच धरला, मग गाठ मारून पर्समध्ये ठेवला. दात माझ्या मुठीत होता, अजून कोमट आणि ओला, लवंगेचा वास येत होता. अंगठा आपसूक जिभेकडच्या कडेवरून फिरत होता, सुळ्यापासून दाढेपर्यंत, पुन्हा सुळ्यापर्यंत. कुठंच काही लागत नव्हतं.